‘जीपीएस सिग्नल नाही’: गाडीत लावलेल्या जुन्या फोन-टॅबचं दुखणं कसं शोधायचं

जुना फोन किंवा टॅब कपाटात पडून राहण्यापेक्षा गाडीत कायमचा नेव्हिगेशनला लावावा, ही कल्पना चांगलीच आहे. रोजच्या फोनवर ताण नाही, कॉल आला म्हणून नकाशा जात नाही, आणि नवा ड्रायव्हर आला तरी यंत्र गाडीतच. गोव्यात डिचोलीतल्या माझ्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात अशी यंत्रं सतत येतात. टॅक्सीवाले आणतात, भाजीच्या टेम्पोवाले आणतात, आणि बहुतेकांचं वाक्य एकच असतं: “भाई, ह्याचं जीपीएस गेलं.”

जीपीएसची चिप खरोखर मेलेली क्वचितच निघते. दोष असतो चार्जरमध्ये, यंत्र बसवलेल्या जागेत, सेटिंगमध्ये नाहीतर नकाशात. म्हणून कुणाला उघडायला देण्याआधी खालच्या क्रमाने बघत जा. फुकटातल्या गोष्टी आधी, पैशाच्या नंतर.

आधी लक्षण नीट ओळखा

“चालत नाही” एवढ्याने काही कळत नाही. नेमकं काय होतं ते बघा:

- घरी जागा बरोबर दाखवतो, गाडीत मात्र नुसतं ‘शोधत आहे’.
- सुरुवातीला ठीक चालतो, चार्जर लावला की थोड्या वेळाने बाण भरकटतो किंवा सिग्नल जातो.
- गाडी उभी असताना बाण उलटा, चालायला लागली की सरळ.
- बाण पुढे सरकतो, पण मागे नकाशाच नाही, नुसता राखाडी पडदा.
- जागा बरोबर, रस्ता चुकीचा. फेरीच्या धक्क्यावर नेऊन उभं करतो, किंवा पुलावर असताना पुलाखालचं वळण सांगतो.
- चार्जिंगची खूण दिसते तरी बॅटरी उतरत जाते, नाहीतर भर दुपारी यंत्र आपोआप बंद पडतं.

ही एकाच रोगाची लक्षणं नाहीत. उभ्या गाडीत उलटा दिसणारा बाण हे तर जीपीएसचं दुखणंच नव्हे. दिशा दोन ठिकाणांहून येते. गाडी चालत असताना ती जागेच्या बदलावरून काढली जाते, थांबल्यावर फोनमधल्या होकायंत्रावरून. चुंबकवाला होल्डर लावला की ते होकायंत्र बिघडतं. चुंबकाने उपग्रहाचा सिग्नल अडत नाही. पकडीचा होल्डर घ्या, फोन हवेत इंग्रजी आठच्या आकारात काही वेळा फिरवा, आणि हा विषय इथेच संपवा.

पहिली तपासणी: गाडीबाहेर, चार्जरशिवाय

हिला पैसा लागत नाही आणि निम्मी उत्तरं इथेच मिळतात. यंत्र पूर्ण चार्ज करा, चार्जर काढा, वायफाय बंद करा आणि मोकळ्या आभाळाखाली जा. पोर्चखाली नको, माडांच्या बागेत नको, आंब्याखाली तर नकोच. शाळेचं मैदान उत्तम. यंत्र गाडीच्या टपावर ठेवा आणि हलवू नका.

किती वेळ थांबायचं? जागा काढायला निदान चार उपग्रह लागतात, आणि प्रत्येकाकडून त्याच्या स्वतःच्या कक्षेची माहिती यावी लागते. ती उपग्रह दर ३० सेकंदांनी पुन्हा पाठवतो. सगळ्या उपग्रहांचं ढोबळ वेळापत्रक पूर्ण यायला साडेबारा मिनिटं लागतात. सिमवाला फोन ही माहिती इंटरनेटवरून चुटकीसरशी उतरवून घेतो, म्हणून तुमच्या रोजच्या फोनला काही सेकंद पुरतात. सिम काढलेला जुना फोन ती आभाळातूनच गोळा करतो, आणि मध्ये सिग्नल तुटला की तो तुकडा पुन्हा ऐकावा लागतो. चालत्या गाडीत, झाडांखालून जाताना हे तुटणं चालूच असतं. कित्येक महिने बंद असलेल्या यंत्राला म्हणूनच पहिल्या दिवशी पंधरा-वीस मिनिटं स्वस्थ द्या. खिशातल्या फोनचा हॉटस्पॉट दोन मिनिटं दिलात तर काम आणखी सोपं.

याच वेळी उपग्रह दाखवणारं एखादं मोफत अ‍ॅप घालून घ्या. ‘जीपीएसटेस्ट’ पुरे. त्यात प्रत्येक उपग्रहासमोर सिग्नलच्या ताकदीचा आकडा आणि एक पट्टी दिसते. मोकळ्यावर चांगल्या उपग्रहांचे आकडे ३५ ते ४५ च्या घरात असतात. सगळेच २५ च्या खाली असतील तर काहीतरी अडतंय. हा आकडा पुढच्या प्रत्येक तपासणीत लागेल, कागदावर लिहून ठेवा.

आता निकाल. बाहेर नीट पकडलं तर यंत्र चांगलं आहे, दोष गाडीत शोधायचा. बाहेरही एकसुद्धा उपग्रह दिसला नाही तर आधी बघा, यंत्रात जीपीएस आहे तरी का! हे हसण्यावारी नेऊ नका. फक्त वायफाय असलेल्या आयपॅडमध्ये जीपीएस नसतंच, आणि स्वस्तातल्या काही टॅबमध्येही नसतं. असा टॅब घरी जागा बरोबर दाखवतो, कारण आजूबाजूच्या वायफायवरून तो अंदाज बांधतो. गाडीत वायफाय नाही, की अंदाजही नाही. सेकंडहँड टॅब घेताना विकणाऱ्याच्या दुकानात बसून नकाशा बघणं म्हणूनच फोल आहे. रस्त्यावर येऊन, वायफाय बंद करून बघा.

दुसरी: सेटिंग

इथेही खर्च नाही. लोकेशन चालू आहे का, नेव्हिगेशनच्या अ‍ॅपला परवानगी आहे का, आणि ती ‘प्रिसाइज’ म्हणजे नेमक्या जागेची आहे का, ते बघा. अँड्रॉइड १२ पासून ढोबळ जागेचीच परवानगी देण्याची सोय आली. घाईत तीच दाबली गेली, तर बाण गावाच्या आसपास कुठेतरी तरंगत राहतो.

बॅटरी सेव्हर बंद ठेवा. त्या अ‍ॅपला बॅटरीच्या काटकसरीतूनही वगळा, नाहीतर स्क्रीन विझली की यंत्र लोकेशनच बंद करून टाकतं.

तारीख तपासा. बॅटरी पूर्ण उतरलेलं, सिम नसलेलं यंत्र कधीकधी जुन्या तारखेला उठतं. मग सुरक्षित जोडणी नाकारली जाते आणि नकाशा उतरत नाही. खूप जुन्या यंत्रांत तारीख चुकण्याचं आणखी एक कारण आहे. जीपीएस आठवडे मोजतं ते १०२४ पर्यंत, नंतर पुन्हा शून्य. असा शून्य ६ एप्रिल २०१९ च्या रात्री आला. त्याची तयारी नसलेले जुने रिसीव्हर तेव्हापासून साडेएकोणीस वर्षं मागची तारीख दाखवतात. कंपनीचं नवं सॉफ्टवेअर मिळालं तर ठीक. नाही मिळालं तर त्या रिसीव्हरवर पुढे खर्च करू नका.

तिसरी: नकाशा

पावसात जीपीएस जातं, असं इथे ठाम मानतात. पावसाने उपग्रहाचा सिग्नल फारसा अडत नाही. ओलीचिंब दाट झाडी त्यापेक्षा जास्त अडवते. पावसात खरं जातं ते मोबाइलचं नेटवर्क. साखळीहून केरीमार्गे चोर्ला घाट चढायला लागा, नाहीतर मोल्याहून अनमोडला जा: मध्ये रेंज जाते, बाण चालत राहतो, मागचा नकाशा कोरा होतो. यावर यंत्र बदलणं हा उपाय नव्हे, नकाशा आधीच उतरवून ठेवणं हा आहे. अख्खा गोवा ३,७०२ चौरस किलोमीटर, एका चौकटीत मावतो. चौकट थोडी ओढून दोडामार्ग, सावंतवाडी, बेळगावही आत घ्या, कारण रेंज जाते ती नेमकी सीमेवर. गूगल मॅप्सचा ऑफलाइन नकाशा वेळोवेळी ताजा करावा लागतो. सिम नसलेल्या यंत्राला तेवढ्यासाठी अधूनमधून घरचं वायफाय दाखवा. ऑर्गॅनिक मॅप्स किंवा ऑसमअँड हेही चांगले पर्याय, पूर्ण ऑफलाइन चालतात.

नकाशा जुना आहे का ते ओळखण्याच्या खुणा आपल्याकडे भरपूर आहेत. मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाला. नवा झुआरी पूल डिसेंबर २०२२ मध्ये एका बाजूने आणि डिसेंबर २०२३ मध्ये दुसऱ्या बाजूने खुला झाला. तिथून जाताना बाण पाण्यातून पोहत असेल किंवा शेजारच्या जुन्या पुलावर जाऊन चिकटत असेल, तर यंत्राला दोष देऊ नका.

पणजीत मांडवीवरच्या अटल सेतूची तक्रार मात्र वेगळी. तो २०१९ चा, नकाशात असतोच. पण वर पूल आणि खाली रस्ता असला की दोघांची जागा जवळपास एकच येते, आणि जीपीएसचा उंचीचा अंदाज आडव्या जागेपेक्षा कच्चा असतो. यंत्र मग दोन्हींतला एक रस्ता निवडतं, आणि तो चुकू शकतो. तिथे पाटी बघा. मेरशीकडे उतरायचं की पणजीत, ते ठरवून पुलावर चढा. याला दुरुस्ती नाही.

चुकीच्या रस्त्याची राहिलेली कारणं पटकन सांगतो. मार्गाच्या पर्यायांत ‘फेरी टाळा’ निवडा, नाहीतर चोडण-दिवाडीच्या बाजूला यंत्र बिनदिक्कत नदीपलीकडचा रस्ता सुचवतं आणि धक्क्यावर पोचल्यावर कळतं की फेरीबोटीची वेळ संपलीय. वाहन दुचाकीवर तर ठेवलेलं नाही ना, तेही बघा. वाड्यांमधल्या ज्या पायवाटवजा गल्लीतून स्कूटर जाते तिथून इनोव्हा जात नाही. आणि गावाचं नाव टाकताना तालुका टाकाच. केरी सत्तरीत आहे, केरी पेडण्यात आहे, केरी फोंड्यातही आहे.

कुणी आकड्यांत जागा पाठवली असेल तर आणखी एक सापळा. १५ अंश ३० मिनिटं म्हणजे १५.५०, १५.३० नव्हे. पणजी साधारण १५ अंश ३० मिनिटं उत्तर, ७३ अंश ५० मिनिटं पूर्व. तेच १५.३० आणि ७३.५० असं टाकलंत तर गाडी अरबी समुद्रात.

चौथी: यंत्र कुठे बसवलंय

बाहेर ४० आणि गाडीत २०, असा फरक अ‍ॅपमध्ये दिसला तर काचेकडे बघा. काही गाड्यांच्या पुढच्या काचेला उष्णता परतवणारा धातूचा सूक्ष्म थर असतो. सन फिल्मही धातूची असू शकते. आभाळातून येणारा सिग्नल मुळातच अगदी क्षीण, त्यात हा पडदा. यंत्र डॅशबोर्डवर वेगवेगळ्या ठिकाणी धरून आकडा बघत जा. धातूचा थर असलेल्या बऱ्याच काचांत आरशामागे एक मोकळा पट्टा सोडलेला असतो, फास्टॅग वाचला जावा म्हणून. यंत्र त्याच्या जवळ आलं की आकडे उठतात. फिल्मबद्दल वेगळं सांगायला नको: काळ्या फिल्मवर सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच बंदी घातली आहे.

यंत्र खोल, गिअरच्या बाजूच्या खणात ठेवू नका. तिथून आभाळ दिसत नाही. एअरबॅगच्या झाकणावर होल्डर चिकटवू नका. एअरबॅग फुटली तर तेच यंत्र तोंडावर येईल. ड्रायव्हरची नजर अडेल असंही बसवू नका. १ ऑक्टोबर २०२० पासून केंद्राच्या मोटार वाहन नियमांत हातातल्या यंत्राचा वापर रस्ता दाखवण्यापुरता चालतो, तोही चालवणाऱ्याचं लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. पत्ता टाकायचा तो गाडी थांबवून.

पाचवी: चार्जर. बहुतेकदा चोर इथेच सापडतो

इथे जरा सावकाश वाचा.

गाडीच्या सॉकेटमधून १२ व्होल्ट येतात, इंजिन चालू असताना चौदाच्या आसपास. यंत्राला हवे ५. हे खाली आणताना चार्जर आतला करंट सेकंदाला हजारो-लाखो वेळा चालू-बंद करतो, आणि त्यातून रेडिओचा गोंगाट बाहेर पडतो. चांगल्या चार्जरमध्ये तो दाबणारे भाग असतात. रस्त्याकडेला ढिगात मिळणाऱ्यात ते वाचवलेले असतात. जीपीएसचा मुख्य सिग्नल १५७५.४२ मेगाहर्ट्झवर येतो, इतका हलका की हा गोंगाट त्याच्यावर सहज बसतो. लग्नाच्या मांडवात लाउडस्पीकरखाली कुणी कानात पत्ता सांगावा, तसं होतं.

हे डोळ्यांनी बघता येतं. गाडी मोकळ्यावर उभी करा, इंजिन चालू, यंत्र होल्डरवर, चार्जर काढलेला. उपग्रहांचं अ‍ॅप उघडा. हिरव्या पट्ट्या अडतीस, एकेचाळीस, छत्तीस अशा स्थिर दिसतील. आता चार्जर सॉकेटमध्ये घाला आणि फक्त पट्ट्यांकडे बघत राहा. चार्जर वाईट असेल तर काही सेकंदांत त्या हिरव्याच्या पिवळ्या होत खाली बसतात, दोन-तीन उपग्रह यादीतून गळून जातात आणि वरचा अचूकतेचा आकडा पाच मीटरवरून वाढत जातो. चार्जर काढा, पट्ट्या पुन्हा उभ्या. हे समोर दाखवल्यावर नवा फोन घ्यायला निघालेला माणूस नवा चार्जर घेऊन परत जातो.

डॅशकॅम असेल तर त्याच्या वायरीबाबतही हीच परीक्षा करा. कॅमेरा आणि नेव्हिगेशनचं यंत्र एकमेकांना खेटून बसवलेलं असतं, आणि दोष बिचाऱ्या फोनवर जातो.

चार्ज होताहोता बॅटरी उतरणं हे याच कुटुंबातलं. पूर्ण उजेडातली स्क्रीन, जीपीएस आणि डेटा मिळून यंत्र बरंच खातं. साध्या यूएसबीचा अर्धा अँपिअर त्याला पुरत नाही. वर केबल लांब आणि बारीक असली तर शेवटी पोचेपर्यंत व्होल्टेज पडतं. चांगल्या कंपनीचा, निदान २.४ अँपिअरचा चार्जर आणि हातभर लांबीची जाड केबल, एवढा खर्च करा. केबलवर काटकसर नको.

सहावी: ऊन

एप्रिल-मे महिन्यांत बंद गाडीचा डॅशबोर्ड हात लावता येऊ नये इतका तापतो. अ‍ॅपल आपली यंत्रं ० ते ३५ अंशांत वापरायला सांगते. आपल्या काचेमागे दुपारी ती मर्यादा केव्हाच ओलांडलेली असते. यंत्र आधी स्क्रीन मंद करतं, मग चार्जिंग थांबवतं, मग बंद पडतं. तो बिघाड नव्हे, ते स्वतःला वाचवतंय. गाडी लावली की यंत्र काढून खणात ठेवा. चालताना ते एसीच्या जाळीजवळ राहू द्या. काळं जाड कव्हर काढून टाका.

सातवी: सॉकेट आणि फ्यूज

चार्जर बदलला तरी मध्येच वीज जाते? खड्डा आला की चार्जिंगचा आवाज पुन्हा वाजतो? मग सॉकेट बघा. गाडी बंद, चावी बाहेर, मग टॉर्च मारा. समुद्राकाठच्या गाड्यांत, कळंगुट असो की कोलवा, तळाच्या पत्र्यावर हिरवट बुरशीसारखा थर आणि कडेला गंज दिसतो. खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस, दुसरं काय होणार? फ्यूज काढून घेतल्यावरच कोरड्या, कडक ब्रशने ते साफ करा. स्क्रू ड्रायव्हर घालून खरवडू नका. तळात पडलेलं नाणंही निघतं कधीकधी. फ्यूज वारंवार उडण्याचं ते सोपं कारण.

फ्यूज उडाला असेल तर त्याच आकड्याचा घाला, साधारण १० किंवा १५ अँपिअरचा असतो. गाडीच्या पुस्तकात बघा. मोठा घातला की फ्यूज टिकेल आणि वायर जळेल.

जुना पॉकेट पीसी असेल तर

विंडोज मोबाइलचं यंत्र आणि वेगळा ब्लूटूथ रिसीव्हर अजून सांभाळून ठेवणारे आहेत, त्यांच्यापुरतं. रिसीव्हरचा दिवा लुकलुकतो, पण प्रोग्राम ‘जीपीएस नाही’ म्हणतो, तेव्हा जोडणी तपासा: ब्लूटूथच्या सेटिंगमध्ये ‘आउटगोइंग’ कॉम पोर्ट कोणता दिलाय, आणि प्रोग्रामात तोच निवडलाय का. वेग विचारला तर ४८०० पासून सुरुवात करा, रिसीव्हर ज्या ‘एनएमईए’ पद्धतीने माहिती पाठवतो तिची ती जुनी ठरलेली गती. त्याच पोर्टवर दुसरा प्रोग्राम बसलेला असेल तर तो बंद करा. याहून जास्त वेळ यात घालवू नये असं माझं मत. नकाशे आता मिळत नाहीत.

कुठे थांबायचं

यंत्राची पाठ फुगलेली दिसली, स्क्रीन कडेने उचलली गेली, तर लगेच बंद करा. चार्जिंगला लावू नका, दाबून बसवू नका, टाचणी तर मुळीच मारू नका. गाडीतून बाहेर काढा आणि मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे द्या. बॅटरी बदलण्यासारखी असेल तर तो सांगेल.

गाडीबाहेर, मोकळ्यावर, सगळी सेटिंग तपासूनही रोजचा फोन पकडतो आणि हे यंत्र एकही उपग्रह पकडत नाही, तर आतला अँटेनाचा संपर्क सुटलेला असू शकतो. पडलेल्या किंवा कुठेतरी उघडलेल्या फोनमध्ये हे होतं. दुरुस्तीवाल्याला आधी भाव विचारा. जुन्या फोनच्या किमतीच्या निम्म्यावर जात असेल तर नको म्हणा.

त्याच आकड्याचा नवा फ्यूजही उडाला, सॉकेट गरम लागला, जळका वास आला किंवा वायरीचं आवरण वितळलेलं दिसलं, की हात आवरा आणि ऑटो इलेक्ट्रिशियनला बोलवा. सॉकेट टाळून फ्यूजबॉक्समधून थेट वायर ओढायची असेल तरी कामगार तोच हवा. इग्निशन बंद झाल्यावर वीज तुटेल अशीच जोडणी त्याच्याकडून मागा, नाहीतर सकाळी बॅटरी बसलेली मिळेल. नवी गाडी वॉरंटीत असेल तर वायर कापण्याआधी सर्व्हिस सेंटरला विचारा.

आणि टॅक्सीवाल्यांसाठी: गाडीत एआयएस-१४० या सरकारी मानकाचं लोकेशन यंत्र आणि तातडीचं बटण बसवलेलं असेल, तर त्याच्या वायरीतून टॅबसाठी वीज घेऊ नका. कितीही जवळ आणि सोयीची वाटली तरी. ते सील असतं, आणि ते बंद पडलेलं आढळलं तर पासिंगच्या वेळी उत्तर तुम्हालाच द्यावं लागतं. त्या डब्याला काही झालं असेल तर तो बसवणाऱ्या अधिकृत विक्रेत्यालाच बोलवा.